सीटीसी प्रकृतीने थंड

सोमवार, २ नोव्हेंबर १९७०

आजपासून रोजनिशी. डायरी जानेवारीपासूनची आहे आणि दहा महिने कोरी. हरकत नाही. त्या दहा महिन्यांत लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आज घडलं.

सीटीसीचा ड्रम आला. मुंबईहून, रेल्वेने. पूर्ण नाव कार्बन टेट्राक्लोराईड. सकाळपासून पाठ करतो आहे, गिऱ्हाईकासमोर अडखळता कामा नये. 'न्यू शुभ्रा लाँड्री अँड ड्रायक्लीनर्स' या आमच्या पाटीवर ड्रायक्लीनर्स हा शब्द चार वर्षं आहे. ड्रायक्लीनिंग आजपासून. आजवर लोकरी कोट पेट्रोलने पुसत होतो. गेल्या हिवाळ्यात एका वकिलाच्या कोटाने पेट घेतला. तेव्हापासून श्रीरामपूरचे सगळे वकील पलीकडच्या बाजूने चालतात.

सीटीसी पेटत नाही. एजंट म्हणाला, उलट आग विझवायच्या बाटल्यांत हेच भरतात. तळहातावर थोडं घेऊन बघितलं. बर्फासारखं गार. म्हणजे प्रकृतीने थंड. जे आगीला थंड करतं ते माणसाला काय करणार? एजंट जाताना खिडकीबद्दल काहीतरी सांगत होता, पण त्याची गाडी सुटत होती.

संकल्प: एक, रोज लिहिणे. दोन, चहा बंद. तीन, श्रीमंतला सुधारणे.

श्रीमंत म्हणजे आमच्या मंडळींचा, विजयमालाचा, भाऊ. पस्तिशीचा घोडा. दुकानाच्या ओट्यावर कोळशाची इस्त्री करतो. हात सोन्याचा, पण शनिवारी संध्याकाळी घेतो. आणि मी वॉर्डाच्या व्यसनमुक्ती मंडळाचा चिटणीस! मंडळाची पाटी आणि झोकांड्या खाणारा मेहुणा, दोन्ही एकाच ओट्यावर.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

चहा सुरू. सर्दी होती.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

एक भयंकर गोष्ट लक्षात आली. सीटीसी उडतं. घमेल्यात ओतलं, कोट बुडवला, वळून ब्रश घेतला, तोवर घमेल्यातलं बोटभर कमी. मागच्या खोलीला एक खिडकी आणि वर एक झरोका. म्हणजे मी मुंबईहून माल आणायचा आणि तो शेजारच्या पिठाच्या गिरणीवर फुकट जायचा.

दोन गोणपाटं घेतली. एक खिडकीला, एक झरोक्याला. सुतळीने गच्च बांधली. दाराखाली चिंध्या कोंबल्या. आता वास खोलीतच राहतो, आणि गोडसर आहे.

विजयमाला आत आली आणि पदर नाकाला लावून म्हणाली, "अवो, डोस्कं गरगरतंय हितं. मानसानं बसावं कसं?" तिला थंड प्रकृती समजावून सांगितली. तिने ऐकलं नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला रसायनशास्त्र कसं कळणार? मी स्वतः सातवी.

संध्याकाळी डोकं दुखलं. हिशोब सोपा आहे: अंगातली उष्णता थंडीला विरोध करते आहे. डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या.

सोमवार, ९ नोव्हेंबर

आज इतिहास घडला. चर्चचे फादर स्वतः दुकानात! नाताळसाठी वेदीचे मखमली पडदे, गायकमंडळींचे बत्तीस लोकरी झगे आणि फादरांचा जरीचा रेशमी झगा. वीस डिसेंबरपर्यंत हवेत. काम पसंत पडलं तर बोर्डिंगच्या दोनशे ब्लँकेटांचं काम दरवर्षी आमच्याकडे. मी कार्बन टेट्राक्लोराईड हा शब्द एका दमात म्हटला. फादर प्रभावित झाले असावेत, कारण ते दोन पावलं मागे सरकले.

मग त्यांनी खोलीत डोकावून खिळ्यावरच्या कोटाकडे बोट केलं आणि म्हणाले, "तो बदामी कोट छान आहे हं. कोणाचा?"

बदामी! तो माझा लग्नातला पांढरा कोट आहे. अकरा वर्षं खोलीत नमुना म्हणून टांगलेला आहे. माझ्या दुकानात पांढरं म्हणजे काय हे त्या कोटावरून ठरतं. प्रत्येक कपडा त्याच्याशेजारी धरून मगच गिऱ्हाईकाला देतो. तरी मी मान डोलावली. मोठ्या माणसाची नजर अधू असली तर आपण दाखवू नये.

विजयमाला म्हणाली, "रेसमाला आन् लोकरीला रिठाच चांगला. आमच्या नेवाशाला आय रिठ्यातच धुती." मी हसलो. फादरांचा जरीचा झगा रिठ्यात! ही बाई उद्या विमानाला बैल जुंपेल.

बुधवार, ११ नोव्हेंबर

खिडकीचं गोणपाट सुटलेलं! जेवायला मागे घरी गेलो, अर्धा तास पडलो, परत येऊन बघतो तर खिडकी सताड. पुन्हा बांधलं. श्रीमंतला विचारलं. तो म्हणाला, "दाजी, म्या ओट्यावरून उठलोच न्हाई. वारं आसंल." वारा सुतळीची गाठ सोडतो हे मी पहिल्यांदा ऐकलं.

शनिवार, १४ नोव्हेंबर

अंगात कसर. जेवण जात नाही. वरणाचा वास आला तरी मळमळतं. विजयमालाला म्हटलं, तुझ्या फोडणीत काहीतरी आहे. ती म्हणाली फोडणी तीच आहे, नाक बदललं. उलट उत्तरं द्यायला हिला कोण शिकवतं?

थकव्यावर वैद्याच्या दुकानातून द्राक्षाचं आसव आणलं. शुद्ध आयुर्वेदिक. दोन चमचे, जेवणानंतर.

श्रीमंत संध्याकाळी घेऊन आला. ओट्यावर बसून त्याला अर्धा तास दारूचे परिणाम सांगितले. यकृत कसं सडतं हे विशेष. तो मान डोलावत होता. मागून कळलं, पेंगत होता.

बुधवार, १८ नोव्हेंबर

आसवाने फार तरतरी येते. दोन चमच्यांऐवजी अर्धा कप. सकाळीही.

आठ झगे झाले. गोणपाट पुन्हा कोणीतरी सोडून परत बांधलं होतं. आज मी त्याला सात गाठी मारल्या होत्या. परत आलो तेव्हा एकच गाठ होती, दुसऱ्या पद्धतीची, सरकती. गाठ कुठेतरी बघितल्यासारखी वाटते, पण आठवत नाही. हल्ली बरंच आठवत नाही.

डोकेदुखीच्या गोळ्या रोज चार. थंडीच्या विरोधात उष्णता फार दिवस तग धरून आहे.

रविवार, २२ नोव्हेंबर

मंडळाची सभा. माझं भाषण उत्तम झालं. जाण्याआधी एक कप आसव घेतलं होतं, त्यामुळे आवाज खणखणीत. 'व्यसन हे माणसाला आतून पोखरतं' या वाक्यावर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षांना मिठी मारली. एरवी मी त्यांच्याशी बोलत नाही.

श्रीमंत मागे बसला होता. घरी येताना म्हणाला, "दाजी, आज तुमी लई मोकळं बोलला. मला माज्या शनवारची आठवन झाली." तो सुधारतो आहे.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

लघवी गडद. चहासारखी. उन्हाळे लागले आहेत. नोव्हेंबरात उन्हाळे लागतात का? मला लागले. उष्णता, दुसरं काय! आज खोलीत दोन तास जास्त बसलो. तेवढाच थंडावा.

संध्याकाळी उलटी. दुपारच्या वांग्यांमुळे. वांगी खाल्ली नव्हती, पण त्यांचा वास घेतला होता.

सोमवार, ३० नोव्हेंबर

विजयमालाने सकाळी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. अकरा वर्षांत तिने असं केलेलं नाही. म्हणाली, "अवो, डोळं पिवळं झाल्यात तुमचं. ही कावीळ हाय."

मी शांतपणे तिला खोलीत नेलं. कावीळ झाली की नजर पिवळी होते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी कोटाकडे बघितलं. पांढरा. स्वच्छ पांढरा. मग मला कावीळ कशी असेल? तिला विचारलं, तुला हा कसा दिसतो? तिने कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमी म्हनता तसाच."

झालं. प्रश्न मिटला. संकल्प: रोज सकाळी कोट बघून परीक्षा. पांढरा दिसला की पुढचं काम.

मंगळवार, १ डिसेंबर

परीक्षा: पांढरा. तब्येत उत्तम. उभं राहवत नाही.

गुरुवार, ३ डिसेंबर

परीक्षा: पांढरा.

श्रीमंत चहा घेऊन आत आला. सहज त्याला कोट कसा दिसतो विचारलं. म्हणाला, "पिवळसर हाय की दाजी, जुन्या कागदावानी." बिचारा! म्हणजे दारूने अखेर घात केला. याला कावीळ झाली आहे आणि याला पत्ता नाही. फादरांनाही बदामी दिसला होता, पण फादरांना कोण सांगणार?

श्रीमंतला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. त्याचं यकृत डोळ्यांनी बघितलं म्हणजे सुधारेल.

रविवार, ६ डिसेंबर

विजयमालाच्या हट्टापायी बेलापूरच्या पुढे एका वस्तीवर बायडाबाईकडे गेलो. ती रविवारी आणि मंगळवारी कावीळ उतरवते. मी विज्ञान मानणारा माणूस आहे, फक्त पद्धत बघायला गेलो होतो. शिवाय विजयमाला परवा रात्रीपासून जेवली नव्हती.

बायडाबाईने माझ्या तळहातांना कसली तरी साल चोळली, काहीतरी पुटपुटली आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले. पाणी पिवळंजर्द झालं. आजूबाजूच्या बाया 'आगं बया' म्हणाल्या. माझ्या धंद्यातली नजर गप्प बसेना. मी म्हटलं, बाई, हा रंग त्या सालीचा आहे, चुन्याने उठून आला. बायडाबाई म्हणाली, "आसंल की. पर तुज्या डोळ्यांला तर साल चोळली न्हवती न्हवं?"

अशिक्षित बाई. तरी पाणी बऱ्यापैकी पिवळं होतं. म्हणजे मला नसलेली कावीळसुद्धा आता उतरली आहे. पथ्य सांगितलं: तेल, तिखट, हळद बंद. आसवाबद्दल ती काही बोलली नाही, कारण मी सांगितलं नाही.

एकवीस झगे झाले.

बुधवार, ९ डिसेंबर, दुपारी ४

रागात लिहितो आहे.

श्रीमंतला घेऊन डॉ. त्रिभुवन यांच्याकडे गेलो. त्यांना आत जाऊन बाजूला सांगितलं, माझा मेहुणा पितो, त्याला कावीळ आहे, त्याचं यकृत तपासा आणि जरा घाबरवा. डॉक्टर माझ्याच तोंडाकडे बघत होते. मग श्रीमंतला टेबलावर निजवलं, बरगडीखाली बोटं रुतवली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या. म्हणाले, "याचं लिव्हर ठीक आहे. शनिवारचं बंद कर रे." बस्स! पंधरा वर्षं पिणाऱ्याला एवढंच?

मग मला म्हणाले, "तुम्ही झोपा."

मी म्हटलं, मी फक्त सोबत आलो आहे. म्हणाले, झोपा. उजव्या बरगडीखाली बोटं दाबली तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो बाहेरच्या बाकावरच्या बायकांनीही ऐकला. "तीन बोटं वाढलंय. किती दिवस पिताय?"

मला! चिटणिसाला! मी ताडकन उठलो, म्हणजे उठायला गेलो. थेंबाला शिवलेलो नाही म्हणून सांगितलं. मग त्यांनी काय काय घेता ते विचारलं. गोळ्या सांगितल्या. आसव सांगितलं. किती? दिवसाला बाटली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, द्राक्षं आंबवून आसव होतं. त्यात दारू तयार होते. थोडी, पण तुम्ही बाटली पिताय." मी म्हटलं, ती आयुर्वेदिक आहे. ते म्हणाले, "तुमच्या लिव्हरला लेबल वाचता येत नाही."

मग धंदा विचारला. सीटीसी म्हणताच उभे राहिले. ते विष आहे म्हणे. श्वासावाटे जातं, लिव्हर जाळतं, मूत्रपिंडही. वर दारू असेल तर चौपट. खोलीला हवा कशी येते? येतच नाही, मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी मला तिथेच दाखल व्हायला सांगितलं.

मी विचारलं, जे आग विझवतं ते जाळेल कसं? त्यांना उत्तर देता आलं नाही. म्हणजे दिलं, पण इंग्रजीत. शेवटी कोटाची परीक्षा सांगितली. ते म्हणाले, काविळीत नजर पिवळी होत नाही, ही गावगप्प आहे. दवाखान्यात बसून एवढ्या जुन्या गोष्टीला गप्प म्हणतात. याला शिक्षण म्हणायचं?

चिठ्ठी दिली. पहिली ओळ ठळक अक्षरात: दारू पूर्ण बंद.

गुरुवार, १० डिसेंबर

ती चिठ्ठी औषधाच्या दुकानात श्रीमंतने दाखवली. दुकानदार मंडळाचा खजिनदार आहे.

शुक्रवार, ११ डिसेंबर

अध्यक्ष समाचाराला आले. म्हणाले, "गोरखशेठ, आम्हाला तुमचं दुःख समजतं. त्या दिवशी मिठी मारली तेव्हाच मला वास आला होता. तुम्ही पद सोडा, सभासद राहा. मंडळ अशा लोकांसाठीच आहे."

अशा लोकांसाठी! मी आसव समजावून सांगितलं. ते दयेने मान हलवत राहिले. अगदी मी श्रीमंतकडे बघून हलवतो तशी.

दुपारी ३

दाखल होणार नाही. अकरा झगे, पडदे आणि फादरांचा जरीचा झगा बाकी आहे. नऊ दिवस. हे काम गेलं तर ब्लँकेटं गेली, आणि पाटीवरचा ड्रायक्लीनर्स हा शब्द पुसावा लागेल. आसव बंद केलं आहे, म्हणजे आता सीटीसी एकटंच राहिलं. एकट्याने ते काय करणार? संकल्प: तोंडाला ओला रुमाल बांधून काम. वीस तारखेला माल देऊन एकवीसला दाखल.

विजयमाला दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "डागदर म्हनलं मरनाची गोष्ट हाय ही. झगं म्या धुते. तुमी दवाखान्यात जा." मी ओरडलो. इतकं की खोकला आला आणि खाली बसावं लागलं. तिला म्हटलं, तुझ्या रिठ्यावर मी चार वर्षांची पाटी पणाला लावत नाही. तिने डोळे पुसले आणि बाजूला झाली. मला वाईट वाटलं. पण काम होतं.

शनिवार, १२ डिसेंबर

परीक्षा: पांढरा. दोन झगे. अंगाला खाज, रात्रभर. रुमाल गरम होतो.

गोणपाट आज पुन्हा सुटलेलं. श्रीमंत कालपासून नेवाशाला गेला आहे. मग कोण?

रविवार, १३ डिसेंबर

पडदा घमेल्यात घातला. मखमल फार जड असते. उचलला की

बुधवार, १६ डिसेंबर. दवाखाना.

वरचं वाक्य पूर्ण करायचं होतं. उचलला की काय झालं ते आठवत नाही. विजयमाला सांगते, घमेल्याशेजारी तोंडावर पडलो होतो. तिने आणि गिरणीवाल्याने उचललं. तीन दिवस मी असंबद्ध बोलत होतो. पाटी पुसू नका म्हणत होतो म्हणे.

सलाईन लावलं आहे. उष्णता नाही, उन्हाळे नाहीत. डॉ. त्रिभुवन म्हणाले, लिव्हरला सूज आहे, मूत्रपिंड अजून चालतं आहे ही नशिबाची गोष्ट. मग विजयमालाला विचारलं, हे बंद खोलीत दीड महिना दिवसाला आठ-आठ तास बसत होते? इतके दिवस टिकले कसे?

विजयमाला खाली बघून म्हणाली, "खोली बंद नसायची, डागदरसाहेब. हे जेवून पडलं की म्या मागल्या अंगानं जाऊन पोतं काढीत हुते. दारबी उघडत हुते. ह्यांना जाग आली की परत लावायचे. कधीमधी ऱ्हाऊन जायचं."

मी तिच्याकडे बघितलं. ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती. सरकती. गावाकडच्या कपड्यांच्या गाठोड्यांना ती अकरा वर्षं हीच गाठ मारते आहे आणि मी वाऱ्याशी भांडत होतो.

डॉक्टर म्हणाले, "बाईंनी वाचवलं तुम्हाला." मी म्हटलं, तरीच माल कमी भरत होता. कोणी हसलं नाही. मी विनोद केला नव्हता, पण तसा समजला गेला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, १९ डिसेंबर

उद्या वीस. सलाईनच्या बाटलीकडे बघत पडून आहे. फादर येतील, कुलूप बघतील, परत जातील. मला रडू आलं. नर्सने विचारलं, दुखतं आहे का? हो म्हटलं. कुठे ते सांगितलं नाही.

सोमवार, २१ डिसेंबर

फादर आले. दवाखान्यात! मी उशी सावरली आणि माफीचं भाषण जुळवायला लागलो. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "झगे काल मिळाले. पडदेही. जरीसुद्धा नव्यासारखी. इतकं स्वच्छ काम कधी झालं नव्हतं. आणि कसलाही वास नाही."

मी विचारलं, कोणी दिले?

विजयमालाने. नेवाशाहून रिठे आणायला श्रीमंतला तिनेच पाठवलं होतं, अकरा तारखेला, मी ओरडलो त्याच संध्याकाळी. मागच्या अंगणात रिठ्याच्या कोमट पाण्यात तिने बत्तीसच्या बत्तीस झगे धुतले. मी केलेले तेवीसही परत धुतले, त्यांना सीटीसीचा वास येत होता. दिवसभर माझ्या उशाशी, पहाटे अंगणात. श्रीमंतने सावलीत वाळवून इस्त्री केली. मधे एक शनिवार येऊन गेला, तोही कोरडा. कोणीही भाषण दिलं नव्हतं.

ब्लँकेटांचं काम मिळालं. फादरांनी कागदावर नाव लिहिलं आहे: सौ. विजयमाला, न्यू शुभ्रा लाँड्री. ड्रायक्लीनर्स लिहिलेलं नाही.

शुक्रवार, २५ डिसेंबर

चर्चच्या घंटा इथपर्यंत ऐकू येतात. आज पहिल्यांदा भाताचा वास बरा वाटला. चार घास खाल्ले. लिव्हर दोन बोटांवर आलं आहे. डॉक्टर म्हणाले, सीटीसीच्या जवळ जन्मात जायचं नाही, आणि गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत. ड्रमाचं काय करायचं विचारलं. ते म्हणाले, एजंटला परत. एजंटचा पत्ता, तो खिडकीबद्दल जे सांगत होता त्याच्याबरोबरच गेला.

रविवार, २७ डिसेंबर

विजयमाला दुपारी पिशवी घेऊन आली. मीच सांगितलं होतं, कोट आण. काही झालं तरी माझा माझ्या परीक्षेवर विश्वास होता. माझे डोळे अजून पिवळे आहेत, हे आरशात दिसतं. पण कोट मला पांढरा दिसला, तर डॉक्टर निम्मे तरी चुकले.

तिने कोट पलंगावर पसरला. मी बघितला. म्हटलं, पांढरा.

 तिने कोटाची कॉलर उलटी केली. शिवणीच्या आत, जिथे ऊन लागलेलं नाही, धूर लागलेला नाही, अकरा वर्षं कोणी बघितलं नाही, तिथे पांढरं होतं. खरं पांढरं, लग्नाच्या दिवशीचं. आणि त्याच्याशेजारी बाकीचा कोट, जुन्या कागदासारखा. बदामी. फादर बदामीच म्हणाले होते.

श्रीरामपुरातले सगळे कपडे मी ज्याच्याशेजारी धरून पांढरे ठरवले तो कोट मी स्वतः एकदाही धुतला नव्हता.

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, "तीनचार सालं झाली. तुमी पांढरा म्हनत हुता. माज्या लग्नातला हाय, मलाबी तो पांढराच बरा वाटायचा. पर डोळ्याचं सांगितलं तवा तरी आयकायचं." आणि मग तिला रडू आलं. मी तिचा हात धरला. अकरा वर्षांत मीही असं केलेलं नव्हतं. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा बघत होता. बघू दे.

जाताना ती कोट घेऊन गेली. उद्या रिठ्यात घालणार आहे.

संकल्प, एकच: यापुढे खिडकी मी स्वतः उघडणार. लगेच अंमल. सलाईनची नळी सांभाळत, खाटा धरत धरत, मोठ्या कष्टाने खिडकीपर्यंत गेलो.

ती उघडीच होती.